वऱ्हाडातील लग्नघर : पाहुणचार, नियोजन आणि खर्चाची मर्यादा

'वऱ्हाड' या एकाच शब्दाने आपण अमरावती-अकोल्याचा प्रांत ओळखतो आणि लग्नाला निघालेली मंडळीही ओळखतो. विदर्भराजकन्या रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातून केले, अशी लोकश्रद्धा आहे. ज्या प्रांताची सर्वांत लाडकी आख्यायिकाच एका विवाहाची आहे, तिथे लग्नघराचा पाहुणचार हा प्रतिष्ठेचा विषय असावा, यात नवल नाही.

या प्रतिष्ठेला दोन गोष्टी घातक ठरतात. पहिली म्हणजे वैशाखातले ऊन आणि दुसरी म्हणजे ऐपतीबाहेरचा खर्च. पहिलीमुळे पाहुण्यांचे हाल होतात, दुसरीमुळे यजमानाचे. लग्नाचे नियोजन करताना या दोहोंचा विचार आधी केला, तर बाकीच्या गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

महिना कोणता निवडावा?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. वऱ्हाडात तिचा जोर मात्र चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठात असतो. याचे कारण शेतीत आहे. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास घरी येते, कपाशीची वेचणी पुढे काही महिने चालते, तूर जानेवारीच्या आसपास निघते. हे सगळे विकून हाती पैसा येतो आणि शेतातले हात मोकळे होतात, तोवर उन्हाळा लागलेला असतो. शाळांना सुट्या असतात, बाहेरगावची मंडळी येऊ शकतात.

मे महिन्यात अकोला आणि अमरावती येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अकोला तर राज्यातील सर्वांत उष्ण शहरांच्या यादीत नेहमीच असते. म्हणून ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीवर अवलंबून नाही, त्यांनी मार्गशीर्ष, माघ किंवा फाल्गुनातील तिथी पाहावी. मंगल कार्यालय मिळणे त्या दिवसांत तुलनेने सोपे जाते, दरही बोलता येतात. उन्हाळ्यातलीच तिथी घ्यावी लागली, तर मुहूर्त सकाळी लवकरचा किंवा सूर्यास्तानंतरचा धरावा. दुपारी साडेबाराचा मुहूर्त पत्रिकेत छापणे म्हणजे आजी-आजोबांना भर उन्हात घराबाहेर काढणे होय.

खर्चाची रेघ आधी ओढावी

आधी कार्यालय ठरते, मग मंडप, मग जेवण, मग कपडे, आणि शेवटी बेरीज केली जाते. बहुतेक घरांत हाच क्रम असतो आणि चूक इथेच होते. क्रम उलटा हवा. घरातील जाणत्यांनी एकत्र बसून, कर्ज न काढता किती खर्च करता येईल, तो आकडा प्रथम कागदावर लिहावा. त्यातील दहावा हिस्सा अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी बाजूला ठेवावा आणि उरलेल्या रकमेची वाटणी जेवण, जागा, कपडे-दागिने, प्रवास व इतर अशा पाच खात्यांत करावी. एका खात्यात वाढ झाली, तर ती दुसऱ्या खात्यातून कापावी. खर्चाचे सर्व पैसे एकाच व्यक्तीच्या हातून जावेत आणि प्रत्येक आगाऊ रकमेची पावती घ्यावी.

हा सल्ला वऱ्हाडात केवळ काटकसरीचा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. नापिकी, पडलेले भाव आणि सावकारी कर्ज ही संकटाची मुख्य कारणे होतीच. पण आधीच कर्जात असलेल्या घराला मुलीच्या लग्नाचा बोजा किती जड जातो, हे इथल्या गावागावांनी पाहिले आहे. लग्न एका दिवसात पार पडते, त्याचे व्याज मात्र पुढची अनेक पिके खाऊन टाकते.

साधेपणाची शिकवणही याच मातीतली आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मद्य-मांसाचे जेवण न देता गोडाचे साधे जेवण दिले, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. ऋण काढून सण करू नका, हे त्यांच्या कीर्तनातले आवर्जून येणारे सांगणे होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'त वैवाहिक जीवनावर स्वतंत्र अध्याय आहे आणि विवाहातील उधळपट्टी व देण्याघेण्याचे व्यवहार यांवर त्यांनी कठोर टीका केली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची पुरोहिताविना, अल्प खर्चात विवाह लावण्याची पद्धत वऱ्हाडातही रुजली. साधे लग्न करणाऱ्याने त्यामुळे कोणापुढे ओशाळण्याचे कारण नाही.

एकापेक्षा अधिक जोडप्यांचे विवाह एकत्र लावण्याचा मार्गही खुला आहे. अशा सामूहिक विवाहांसाठी राज्य शासनाची 'शुभमंगल' योजना असून तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करता येते. सावकाराकडे जाण्यापूर्वी हा पर्याय एकदा अवश्य तपासावा.

यादी आणि आवतन

पाहुण्यांची यादी हा नियोजनाचा पाया आहे. दोन्ही घरांनी आपापली यादी तीन भागांत करावी : ज्यांच्यावाचून कार्य होणार नाही असे जवळचे आप्त, शेजारी, मित्र व कार्यालयीन सहकारी, आणि ज्यांना केवळ पत्रिका पाठवायची ते. प्रत्येक नावापुढे माणसांची संख्या लिहावी.

वऱ्हाडात 'चूलबंद आवतन' अशी पद्धत आहे. त्या दिवशी त्या घरची चूल पेटू नये, लहानथोर सर्वांनी जेवायला यावे, असा त्याचा अर्थ. चूलबंद आवतन कोणाला आणि घरटी एक माणूस कोणाकडून, हे निमंत्रण देतानाच स्पष्ट असावे. स्वयंपाकाचा अंदाज चुकतो तो बहुधा याच ठिकाणी. एका घरातून एक येईल म्हणून धरावे आणि पाच यावेत, किंवा पाच धरावेत आणि कोणीच येऊ नये, असे दोन्ही प्रकार घडतात.

पत्रिका मोबाइलवर पाठवणे आता सर्वमान्य झाले आहे. तरीही मामा, आत्या, काका, थोरले जावई आणि गावातील वडीलधारी मंडळी यांच्याकडे घरातील कोणीतरी अक्षत घेऊन प्रत्यक्ष जावे. बाहेरगावी असल्यास निदान फोन करावा. लग्नातील निम्मे रुसवे निमंत्रणाच्या पद्धतीतून जन्माला येतात. पत्रिकेतील नावांचा क्रम, दिवंगतांच्या नावामागे 'कै.' आहे की नाही, आईचे नाव वडिलांच्या बरोबरीने आहे की नाही, हे छपाईपूर्वी घरातील दोन ज्येष्ठांकडून वाचून घ्यावे. निमंत्रकांची नावे दोन पाने भरतील इतकी लांबवू नयेत. एक नाव सुटले की राग अधिक येतो.

पत्रिकेत विवाहस्थळाचा पत्ता, जवळची खूण आणि संपर्कासाठी दोन मोबाइल क्रमांक असावेत. मुंबई-हावडा लोहमार्गाने येणारे पाहुणे अकोल्याला किंवा बडनेऱ्याला उतरतात. बडनेरा ते अमरावती अंतर सुमारे दहा किलोमीटर असल्याने रात्री-अपरात्री उतरणाऱ्यांसाठी वाहनाची सोय करणे यजमानाचे काम आहे. वऱ्हाड एकत्र न्यायचे असल्यास एसटी महामंडळाची बस प्रासंगिक करारावर मिळते. लग्नसराईत बसगाड्यांना मागणी फार असते, म्हणून आगारात अर्ज लवकर द्यावा. मालवाहू टेम्पोत माणसे बसवून वऱ्हाड नेण्याची सवय जीवघेणी आहे; ती पूर्णपणे टाळावी.

पाणी आणि सावली

उन्हाळी लग्नात जेवणाआधी पाण्याचा विचार करावा. दिवसभराच्या कार्यक्रमासाठी पिण्याचे पाणी माणशी किमान चार लिटर धरावे. पाचशे पाहुण्यांसाठी हे दोन हजार लिटर, म्हणजे वीस लिटरचे शंभर जार होतात. स्वयंपाक, भांडी, हात धुणे आणि स्वच्छतागृह यांचे पाणी वेगळे.

अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा प्रकल्पातून आणि अमरावतीला सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा प्रकल्पातून पाणी येते. मे महिन्यात नळाचे वेळापत्रक लांबू शकते. कार्यालय ठरवताना टाकी किती लिटरची आहे आणि टँकरचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. गावात लग्न असेल तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे असते. ते पिण्यास योग्य नसते आणि त्यात डाळही नीट शिजत नाही. स्वयंपाकासाठी गोड्या पाण्याचा टँकर आदल्या रात्रीच मागवावा.

प्रवेशद्वाराशी पन्हे, लिंबू सरबत किंवा गुळाचे पाणी ठेवावे. त्यात बर्फ घालायचा असेल, तर तो खाण्यायोग्य असल्याची खात्री करावी. खाण्यास अयोग्य बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये करण्यात आला, तो याच कारणासाठी. मांडवात कूलर लावताना त्यांची हवा फक्त व्यासपीठाकडे वळवू नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या माता यांच्यासाठी एक थंड खोली राखून ठेवावी. तिथे जलसंजीवनीची पाकिटे, ओले टॉवेल आणि एक जबाबदार माणूस असावा. कोणाला उन्हाने भोवळ आली, अंग तापले, बोलण्यात गोंधळ दिसला, तर सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वैशाखात दुपारनंतर वावटळ आणि अवकाळी पाऊस येतो. कापडी मांडवाचे खांब घट्ट रोवलेले असावेत. स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर मांडवापासून दूर असावेत. विजेच्या तारा उघड्यावर नसाव्यात आणि तात्पुरती जोडणी महावितरणकडून रीतसर घ्यावी.

पंगत, बुफे आणि अंदाज

वऱ्हाडी लग्नाचे जेवण मुळात सुटसुटीत असते : वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, कढी किंवा मठ्ठा, मिरचीची भजी आणि गोडात बुंदी किंवा जिलेबी. पाटवडी-रस्सा किंवा डाळभाजी असली की बाहेरगावचे पाहुणे आवर्जून आठवण काढतात. उन्हाळ्यात आमरस असेल तर दुसऱ्या गोडाची गरज नाही. दहा-बारा प्रकारच्या काउंटरांपेक्षा गरम, ताजे आणि वेळेवर मिळालेले पाच पदार्थ पाहुण्यांना अधिक तृप्त करतात.

शंभर माणसांसाठी साधारण अंदाज असा धरतात : तांदूळ सात ते आठ किलो, तूरडाळ चार ते पाच किलो, कणीक दहा ते बारा किलो, वांगी बारा ते पंधरा किलो, जिलेबी किंवा बुंदी आठ ते दहा किलो, मठ्ठा वीस ते पंचवीस लिटर. ग्रामीण भागात आणि सकाळच्या पंगतीला वरण-भात थोडा वाढवावा; रात्रीच्या जेवणात तो कमी लागतो. आचाऱ्याशी बोलताना ताटाचा दर, उरलेल्या शिध्याची मालकी, वाढप्यांची संख्या आणि भांडी घासण्याची जबाबदारी या चार गोष्टी आधी ठरवाव्यात. त्याच्याकडे अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आहे का, हेही विचारावे.

उन्हाळ्यात बासुंदी, श्रीखंड, खव्याची मिठाई आणि पनीर हे पदार्थ लवकर बिघडतात. ते ठेवायचेच असतील तर थंड ठेवण्याची सोय हवी. सकाळी केलेला भात दुपारी तीनच्या पंगतीला वाढू नये. भात टप्प्याटप्प्याने शिजवावा.

बुफेने जागा आणि मनुष्यबळ वाचते, हे खरे. परंतु ज्येष्ठांना हातात ताट धरून उभे ठेवणे हा पाहुणचार नव्हे. बुफे असला तरी शंभरेक खुर्च्या-टेबलांची एक बाजू राखावी आणि तिथे वाढपी ठेवावेत. पंगत असेल तर मुले आणि दूरचे पाहुणे पहिल्या पंगतीला बसवावेत. यजमानाने पंगतीतून एकदा तरी फिरावे. आग्रह जरूर करावा, पण नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढू नये. उरलेले अन्न कुठे द्यायचे, ते आधीच ठरवावे आणि ते चांगल्या अवस्थेत असतानाच पोहोचवावे. वाजंत्री, वाढपी, वाहनचालक आणि सफाई कामगार यांचे जेवण यादीत धरलेले असावे. त्यांना शेवटी उरलेसुरले देणे अशोभनीय आहे.

मानपान

गडगनेरापासून पाठवणीपर्यंत मानपानाचे प्रसंग अनेक येतात. जानोशाची सोय कशी झाली, विहिणीला कोणती साडी मिळाली, मामाचा टोपी-शेला झाला की नाही, यांवरून वर्षानुवर्षे बोलणी होतात. याला उत्तम उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक समंजस व्यक्ती नेमून, काय द्यायचे व काय टाळायचे, हे साखरपुड्याच्या वेळीच ठरवून घेणे. दोन्ही बाजूंचा आहेर परस्परसंमतीने बंद केला, तर कपड्यांच्या ढिगावर होणारा मोठा खर्च वाचतो. टोप्या, टॉवेल आणि ब्लाउजपीस यांचा सत्कार व्यासपीठावर तासभर चालतो आणि वस्तू कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत, हा अनुभव सर्वांचाच आहे. मानाच्या पाच-सात व्यक्तींना नारळ आणि फूल देऊन आदरपूर्वक नमस्कार केला, तरी मान पुरेसा होतो.

विधवा आई, आत्या किंवा बहीण यांना हळदीकुंकवापासून, औक्षणापासून दूर ठेवण्याची प्रथा ज्या घरात अजून असेल, त्या घराने ती या निमित्ताने सोडावी. मुलाला वाढवले त्या आईचा हात औक्षणाच्या वेळी मागे राहू नये.

मुहूर्त पाळावा

पत्रिकेत मुहूर्त अकराचा आणि मंगलाष्टके दीड वाजता, हे चित्र दोन्ही शहरांत नित्याचे आहे. वरातीतील नाच हे त्याचे मुख्य कारण. पाहुणे उपाशी, मुले रडवेली, आणि भटजी घड्याळाकडे पाहत बसलेले. वरात जानोशावरून मुहूर्ताच्या दीड तास आधी निघावी आणि तिचा मार्ग एक किलोमीटरहून लांब नसावा. ती थांबवण्याचा अधिकार वराच्या एका काकांकडे किंवा मामांकडे सोपवावा. लग्नाला उशीर होणार हे दिसताच जेवण सुरू करून देण्यास हरकत नाही. अक्षता पडण्यापूर्वी पाहुण्यांना जेवू घालण्यात काहीही अमंगल नाही. अक्षतांसाठी तांदूळ किंवा ज्वारी मूठमूठ उधळण्याऐवजी फुलांच्या पाकळ्या देणारी घरे वाढत आहेत. शेतकऱ्याच्या प्रांताला ही रीत शोभून दिसते.

कायद्याच्या चार बाबी

विवाहाच्या वेळी वधूचे वय १८ व वराचे २१ वर्षे पूर्ण असणे बंधनकारक आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार बालविवाह लावणारे व त्याला उत्तेजन देणारेही शिक्षेस पात्र ठरतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास असा प्रकार दिसल्यास १०९८ वर कळवावे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ नुसार हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे. स्वेच्छेने मिळालेल्या भेटींची यादी करून ती स्वाक्षरीनिशी जपून ठेवावी, असे त्याखालील १९८५ चे नियम सांगतात. आपली आहेराची वही याच कामी येते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायत किंवा महापालिकेत करावी. त्यासाठी वयाचे पुरावे, छायाचित्रे, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात.

पाहुण्यांनी काय पाळावे?

यजमानाप्रमाणे पाहुण्याचीही काही कर्तव्ये आहेत. येणार की नाही, किती जण येणार, हे आठवडाभर आधी कळवावे. पत्रिकेत 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असे लिहिले असेल, तर पाकीट हातात कोंबू नये. ताटात लागेल तेवढेच घ्यावे. जेवणातल्या उणिवा त्याच मांडवात मोठ्याने बोलू नयेत. वधूवरांसोबत छायाचित्रासाठी रांगेत वेळ घेणाऱ्यांनी मागे उभ्या असलेल्या वृद्धांचा विचार करावा.

बौद्ध विवाहाला जाताना वेळेवर पोहोचावे. त्रिशरण-पंचशील सुरू असताना उभे राहून शांतता पाळावी, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना अभिवादन करावे. मुस्लिम मित्राकडे निकाहाचे आणि वलीम्याचे निमंत्रण वेगळे असू शकते. कोणत्या प्रसंगाला बोलावले आहे ते पाहून जावे. यजमान आपला असो वा परका, त्याच्या घरच्या रीतीचा मान राखला की पाहुणचार पूर्ण होतो.

नियोजनाचे वेळापत्रक

सहा महिने आधी : खर्चाचा आकडा, तिथी, कार्यालय, आचारी.
तीन महिने आधी : पाहुण्यांची यादी, कपडे, वाहनांची बोलणी, बाहेरगावच्या पाहुण्यांची रेल्वे आरक्षणे.
एक महिना आधी : पत्रिकावाटप, जानोशाची व्यवस्था, दोन्ही घरांत मानपानाची अंतिम बोलणी.
पंधरा दिवस आधी : निमंत्रितांची नक्की संख्या, पाण्याचा टँकर व जार, वीजजोडणी, ध्वनिक्षेपकाची परवानगी.
आदला दिवस : कामांची वाटणी कागदावर, पाणी, स्वयंपाक, स्वागत, वाहने आणि पैसे यांसाठी एकेक जबाबदार व्यक्ती. वधूवरांच्या आई-वडिलांकडे यांपैकी एकही काम नसावे.
दुसरा दिवस : हिशेब, देणी, आभाराचे फोन, भाड्याच्या वस्तूंची परतफेड.

यातील शेवटच्या दिवसाला विशेष महत्त्व आहे. मांडव उतरल्यावर वडिलांनी हिशेबाची वही उघडावी, सर्वांची देणी त्याच आठवड्यात चुकती व्हावीत आणि पेरणीसाठी बियाण्याचे पैसे घरात शिल्लक असावेत. असे लग्न चार लोकांनी साधे म्हटले, तरी ते उत्तम पार पडले असे समजावे.